फिलिप पो याच्या समाधीचा अनाम शिल्पकार

सितो मठासाठी सुमारे १४८० मध्ये घडविलेली व आता लूव्र संग्रहालयात असलेली फिलिप पो याची समाधी आंत्वान ल म्वातुरिए याच्या नावावर घातली जाते. आधार केवळ शैलीसाम्याचा. ल म्वातुरिएने दिझाँ येथे १४७० मध्ये पूर्ण केलेल्या ड्यूक जाँ याच्या समाधीवरील शोकमूर्ती चिमुकल्या असून कमानींखाली वावरतात. रचना क्लाउस स्लूटरच्या परंपरेतीलच आहे. येथे मात्र आठ कृष्णवस्त्रधारी पुरुष, मृत सरदारासह, शिळा खांद्यावर वाहतात. जे अलंकरण होते तेच आधार बनले. शिल्पाचे व्याकरणच पालटले. (चेहरे शिरोवस्त्रांत बुडालेले, ढाली बोलतात त्या फक्त वंशाविषयी.) वस्त्रांच्या चुण्यांवरून हात ओळखता येईल कदाचित, पण ही कल्पना कोणाची, हे त्या चुण्या सांगत नाहीत.