इंग्रजी उपसर्गांचे अध्यापन : विरुद्धार्थी शब्दांच्या तक्त्यापलीकडे

उच्च प्राथमिक स्तरावरील इंग्रजीच्या अध्यापनात उपसर्गांना स्थान मिळते ते बहुधा विरुद्धार्थी शब्दांच्या निमित्ताने. 'हॅपी'चे 'अनहॅपी', 'पॉसिबल'चे 'इम्पॉसिबल', 'लाइक'चे 'डिसलाइक' असा तक्ता फळ्यावर लिहिला जातो. विद्यार्थी तो उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यावर गुण मिळवतात. गुण मिळतात हे खरे; परंतु शब्दाची घडण समजली की नाही, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पुढे विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात 'इर्रिव्हर्सिबल' हा शब्द आला की तक्ता मुखोद्गत असलेला विद्यार्थीही थांबतो, कारण हा शब्द तक्त्यात नव्हता. पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात प्राध्यापकांना जे शब्ददारिद्र्य जाणवते, त्याचे एक मूळ सहावी ते आठवीच्या या तक्त्यात आहे.

कोणते उपसर्ग शिकवावेत, याविषयी एक महत्त्वाचे काम अमेरिकेत झाले आहे. थॉमस व्हाइट, जोआन सोवेल व अ‍ॅलिस यानागिहारा यांनी १९८९ मध्ये 'द रीडिंग टीचर' या नियतकालिकात उपसर्गयुक्त शब्दांची गणना प्रसिद्ध केली. तिचा आधार म्हणजे कॅरोल, डेव्हिस व रिचमन यांचा १९७१ चा शालेय मुद्रित इंग्रजीचा वारंवारता-कोश. या गणनेनुसार 'अन', 'री', 'इन' (आणि त्याची 'इम', 'इल', 'इर' ही रूपे) व 'डिस' हे चारच उपसर्ग सुमारे ५८ टक्के उपसर्गयुक्त शब्द व्यापतात. एकट्या 'अन'चा वाटा २६ टक्के आहे. पहिले वीस उपसर्ग घेतले तर हे प्रमाण ९७ टक्क्यांवर जाते. लांबलचक यादी पाठ करून घेण्यापेक्षा मोजके उपसर्ग सखोल शिकवावेत, हा यातून निघणारा निष्कर्ष निर्विवाद आहे.

तथापि ही गणना मराठी माध्यमाच्या वर्गात जशीच्या तशी लागू पडत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलाला 'व्हिजिबल' हा शब्द कानाने आधीच परिचित असतो. 'इनव्हिजिबल' छापलेला दिसला की उपसर्ग त्याला अर्थाकडे नेतो. मराठी मुलाजवळ तो मूळ शब्दच नसेल, तर उपसर्गाचे ज्ञान निरुपयोगी ठरते. म्हणून येथे आरंभ करावयाचा तो मुलांजवळ असलेल्या शब्दांपासून. असे शब्द थोडे नाहीत. 'रिचार्ज', 'प्रीपेड', 'अनलिमिटेड', 'रिफिल', 'अनलॉक', 'डिस्कनेक्ट' हे शब्द खेड्यातील सातवीच्या मुलाच्याही तोंडी असतात. 'चार्ज' आणि 'रिचार्ज' त्याला वेगवेगळे कळतात. मात्र त्यांचा परस्परसंबंध वर्गात कोणी उलगडून दाखवीत नाही.

तक्त्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एका उपसर्गाला एकच अर्थ चिकटवला की तो पुढे दिशाभूल करू लागतो. महामार्गावरील इंधनाच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. 'इन म्हणजे नाही' एवढेच शिकलेला विद्यार्थी याचा अर्थ 'अजिबात न पेटणारे' असा लावील, आणि नियमाच्या दृष्टीने त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. वस्तुतः या शब्दातील 'इन' नकारार्थी नाहीच. तो 'आत' या अर्थाचा, पेट घेण्याच्या क्रियेशी जोडलेला आहे. 'इन्व्हॅल्युएबल'मध्ये 'इन' नकारार्थी असूनही शब्दाचा अर्थ 'मूल्यहीन' होत नाही. येथे मराठी शिक्षकाने 'अमूल्य' या शब्दाची आठवण करून दिली तर पुढे स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

मातृभाषेचा हा आधार मोठा आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. 'अज्ञान', 'अनादर' यांतील नकारार्थी अ/अन्, इंग्रजी विशेषणांना लागणारा 'अन' आणि लॅटिनमधून आलेला नकारार्थी 'इन' हे तिन्ही भाषाशास्त्रदृष्ट्या एकाच मुळाचे आहेत. 'इन'चे 'इम' का होते, याचे उत्तरही मराठी मुलाच्या जिभेवर असते. 'संताप' म्हणताना अनुस्वाराचा उच्चार न् होतो, 'संपत्ती' म्हणताना म्; कारण प उच्चारण्यासाठी ओठ मिटावे लागतात. मराठी लेखनात हा बदल अनुस्वाराच्या टिंबात झाकला जातो, इंग्रजी स्पेलिंगमध्ये अक्षर बदलून तो उघड होतो, एवढाच फरक. 'इल्लीगल'मधील दोन एल समजावण्यास 'उत् + लास = उल्लास' हा संधी पुरेसा आहे. (र-च्या पुढे संस्कृत वेगळी वाट धरते, निर् आणि रस मिळून 'नीरस' होतो, तेव्हा 'इर्रेग्युलर'साठी हा दाखला ताणू नये.) 'री'चा अर्थ पाठ्यपुस्तकी तक्त्यात 'पुन्हा' असा दिला जातो, पण 'रिटर्न', 'रिफंड' येथे तो बसत नाही. मराठीतील 'परत' हा साधा शब्द दोन्ही अर्थ सांभाळतो : 'परत सांग' आणि 'परत ये'. इतका नेमका प्रतिशब्द हाताशी असताना तो वापरला जाऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

क्रियापदांपूर्वी येणारा 'अन' मात्र निराळा आहे. 'अनलॉक' म्हणजे कुलूप न लावणे नव्हे, लावलेले काढणे. हा 'अन' मुळानेही वेगळा असून जुन्या इंग्रजीतील दुसऱ्या उपसर्गापासून आलेला आहे. 'अनलॉकेबल' या एकाच शब्दाचे 'कुलूप लावता न येणारे' आणि 'कुलूप उघडता येणारे' असे परस्परविरोधी अर्थ त्यामुळेच संभवतात. आठवीच्या वर्गात ही चर्चा कोडे म्हणून सहज रंगू शकते.

उपसर्ग ओळखताना होणाऱ्या चुकांची भीती अनेक शिक्षकांना वाटते. 'अंकल'मध्ये 'अन' नाही, 'रिझन'मध्ये 'री' नाही, हे कसे सांगावे? मराठीत 'सुतार' या शब्दात 'सु' हा उपसर्ग आहे असे कोणी मूल मानीत नाही, आणि 'विहीर' फोडून 'हीर' शोधीत नाही. उपसर्ग काढल्यावर उरणारा भाग अर्थपूर्ण आहे का आणि त्याचा अर्थ पूर्ण शब्दाशी जुळतो का, ही कसोटी ते नकळत लावीत असते. तीच इंग्रजीत जाणीवपूर्वक लावण्यास शिकवावयाचे आहे. जुळवलेला अर्थ वाक्यात बसतो की नाही हेही पाहावयास हवे. 'इन्फ्लेमेबल'सारख्या ठिकाणी केवळ संदर्भच वाचकाला सावरतो.

अडचण प्रश्नपत्रिकेत आहे. 'विरुद्धार्थी शब्द लिहा' या प्रश्नाला तक्ता पुरतो, म्हणून वर्गात तक्ताच शिकवला जातो. 'जस्ट'चे 'अनजस्ट' होते, मग 'जस्टिस'चे 'इनजस्टिस' का, 'इक्वल'चे 'अनइक्वल' पण 'इक्वॅलिटी'चे 'इनइक्वॅलिटी' का, हा प्रश्न त्यामुळे वर्गात उपस्थितच होत नाही. अध्यापक महाविद्यालयांतील पाठ-नियोजनातही उपसर्ग हा घटक बहुधा एका तासिकेत आटोपला जातो. त्याऐवजी न शिकवलेला एखादा शब्द वाक्यात देऊन त्याची फोड करावयास सांगितली, आणि उत्तरापेक्षा फोडीला गुण ठेवले, तर 'इर्रिव्हर्सिबल'मधून आधी 'इर' वेगळा काढायचा, मग 'री', हे विद्यार्थ्याला तेराव्या वर्षी जमू शकते.