बेस ऐकतंय कोण?

चार बेसवाले एकत्र जमले की बोलणं तारांवरून सुरू होतं. फ्लॅटवाउंड लावायच्या की राउंडवाउंड, जुन्या झाल्या की बदलायच्या की तशाच मुरू द्यायच्या, चार तारा पुरेत की पाचवी हवी. मग दुखऱ्या मनगटावरचे उपाय, मग ड्रमरची निंदा, मग ऐन कार्यक्रमात गायकाने पट्टी बदलली तेव्हा कसं निभावलं त्याची हकिकत. शेवटी कुणीतरी नवख्या पोराला सांगतो, ‘‘कमी वाजव.’’ सगळे माना डोलावतात. लीड गिटारवाल्यांच्या घोळक्यात इतका सलोखा क्वचितच दिसेल. अर्थात यात थोरपणाचा भाग कमी आहे. बँड उदंड आणि धड बेस वाजवणारे मोजके, त्यामुळे जो आहे तो दोन-तीन ठिकाणी अडकलेलाच असतो. भांडायला वेळ कुणाला?

या गप्पा मला महत्त्वाच्या वाटतात, कारण बेस गिटारची समीक्षा जी काही होते ती तिथेच होते. गायकावर लेख येतात, संगीतकारावर पुस्तकं निघतात, गिटारवादकाच्या एका सोलोवर लोक तासभर बोलतात. बेस बरा वाजला की वाईट, हे फक्त दुसरा बेसवाला सांगतो. या कलेला तगवलं ते या सल्लामसलतीनेच. पण तिच्यातले एक-दोन सल्ले आता इतके गुळगुळीत झालेत की ते तपासून पाहायची वेळ आली आहे.

मुळात हे वाद्य गुरूशिवाय जन्माला आलं. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला, तो व्यवहाराच्या गरजेपोटी. माणसाएवढा डबल बेस मोटारीत मावत नव्हता, ड्रम आणि अ‍ॅम्पवरच्या गिटारीपुढे ऐकू येत नव्हता, आणि त्याच्या पट्टीवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नसल्यामुळे सूर जागच्या जागी लावायला वर्षांची तयारी लागे. फेंडरने गिटारीचा आकार घेतला, ३४ इंचांची तार ताणली, फ्रेट बसवले आणि पिकअप लावला. हे वाजवायचं कसं, हे सांगणारं मात्र कुणीच नव्हतं. डबल बेसवाल्यांनी ते खेळणं ठरवलं, गिटारवाल्यांनी पिकने वाजवायला घेतलं. लॉस एंजेलिसच्या कॅरोल के मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांच्या हातात बेस आला, आणि पुढे अमेरिकेतल्या सर्वांत जास्त रेकॉर्डिंग केलेल्या वादकांत त्यांची गणना झाली. १९६९ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिक बेस शिकवणारं पुस्तक स्वतःच लिहून स्वतःच काढलं. तोवर वाद्य येऊन अठरा वर्षं झाली होती. एवढा काळ बहुतेक विद्या तोंडीच होती: कुणीतरी कुणाला तरी मध्यंतरात सांगितलेली.

या तोंडी विद्येचं दैवत म्हणजे डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. ‘कमी वाजव’चा उपदेश करणारे नेमकं त्याचं नाव घेतात, आणि इथेच माझा आक्षेप आहे. जेमरसन कमी वाजवत नसे. शाळेत डबल बेस शिकलेला, रात्री क्लबांत जॅझ वाजवणारा हा माणूस मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत दिवसभर पॉप गाणी वाजवायचा. त्याच्याकडे १९६२चा प्रिसिजन बेस होता. तारा फ्लॅटवाउंड, पट्टीपासून इतक्या उंच की दुसऱ्याची बोटं सोलून निघावीत, आणि तुटल्याशिवाय त्या बदलायच्या नाहीत असा त्याचा खाक्या. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे सूर फार लांबत नसे. उजव्या हाताची फक्त तर्जनी चालायची. स्टीव्ही वंडरचं १९६८चं ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त खालचा आवाज धरा. एक ओळ पुन्हा जशीच्या तशी येत नाही. सूर मध्येच अर्ध्या मात्रेवर उडी मारतो, दोन सुरांमधली फट अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत भरून काढतो, मोकळ्या तारेवर क्षणभर टेकतो आणि पुढे पळतो. तरी गायकाच्या वाटेत येत नाही. गायक सूर लांबवतो तिथे जेमरसन हालचाल करतो. शब्दांची गर्दी होते तिथे तो जमिनीवर पाय रोवतो.

मराठी रसिकाला ही गोष्ट नवी वाटू नये. अहमदजान थिरकवांसारखा एकल वादनातला बादशहा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत होता. ती साथ ऐकणाऱ्यांनी थिरकवा कमी वाजवतात म्हणून वाखाणली नाही. पदाला उठाव कुठे द्यायचा हे त्यांना कळत होतं म्हणून वाखाणली. साथ या गोष्टीबद्दल आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांचा विचार आहे. बेसवाल्यांच्या गप्पांत तो ‘कमी वाजव’ एवढ्यावर आक्रसतो. त्याचा परिणाम दिसतो. लग्नाच्या रिसेप्शनला किंवा कॉलेजच्या फेस्टला ऐका, पन्नास गाण्यांना एकच चाल: कॉर्डचा मूळ स्वर, मात्रेला एक, शेवटपर्यंत. गायकाला अडथळा होत नाही हे खरं, पण गाणं जागचं हलतही नाही.

वाजवलेल्या सुरांची मोजणी करण्यापेक्षा एक बारकी गोष्ट ऐकावी: सूर कुठे थांबतो. बेसचा सूर छेडणं सोपं, आवरणं अवघड. ड्रमरच्या पायाने वाजणाऱ्या किकच्या ठोक्याबरोबर तार छेडली आणि स्नेअरचा फटका पडायच्या आत डावं बोट नुसतं सैल केलं, पट्टीवरून न उचलता, तर मधे जी मोकळी जागा उरते तिच्यात स्नेअर दुप्पट खणखणीत वाजतो. तोच सूर स्नेअरवर ओघळू दिला की सगळं जड आणि आळसट होतं. दोन्ही वेळा सूर तोच, मात्रा तीच. मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’मध्ये लुई जॉन्सनने हेच सांभाळलंय, पाच मिनिटं जवळजवळ एकच ओळ, आणि कंटाळा येत नाही. जेमरसन आणि जॉन्सन, एक भरगच्च आणि एक काटेकोर, दोघांकडून एकच शिकण्यासारखं आहे, आणि तारांच्या गप्पांत ते सहसा सुटतं. जेमरसनसारख्या जुन्या, मळक्या तारा शोधत फिरणारी मंडळी जगभर आहेत. बोट त्याचं होतं, हे कळायला तार बदलावी लागत नाही.

मुंबईत या वाद्याची कहाणी थोडी वेगळी आणि जास्त दुखरी आहे. सिनेमाच्या वाद्यवृंदात डबल बेस आधीपासून होता, गोव्याच्या ख्रिस्ती आणि मुंबईच्या पारशी वादकांच्या हाती. साठच्या दशकात बेस गिटार आली आणि राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या गाण्यांत ती ठळक झाली. टोनी वाझ हे त्यांचे बेसवादक. ‘पंचमचा रिदम’ म्हणून आपण जे कौतुकाने सांगतो त्याचा खालचा अर्धा भाग अशा लोकांनी वाजवलाय. रेकॉर्डच्या आवरणावर त्यांची नावं नसत. डेट्रॉइटलाही तेच होतं. १९७१च्या मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत मोटाउनने वादकांची नावं छापली नव्हती. पण अमेरिकेत निदान उशिरा का होईना दखल घेतली गेली. जेमरसन १९८३ मध्ये गेला, त्यानंतर त्याच्यावर पुस्तक निघालं, मोटाउनच्या वादकांवर २००२ मध्ये माहितीपट आला. आपल्याकडे ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाला येऊन सिनेवादकांच्या मुलाखती घ्याव्या लागल्या. त्यावरचं पुस्तक २००८चं. मराठीत हिंदी सिनेगीतांवर इतकं लिहिलं जातं, त्यात राग ओळखण्याचा उत्साह दांडगा. बेस कोणी वाजवला हा प्रश्न कुणाला पडत नाही.

दक्षिणेत चित्र बरं आहे. इळैयराजांच्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत बेसला स्वतःची चाल असते, ती गायकाच्या चालीला उलट दिशेने भेटायला येते. इळैयराजा ती स्वरलिपीत लिहून वादकापुढे ठेवतात, म्हणून ती अपघाताने सुचलेली नसते. ए. आर. रहमानच्या कॅसेटांवर वादकांची नावं छापून येऊ लागली तेव्हा बेसवादक कीथ पीटर्स हे नाव कित्येकांनी पहिल्यांदा वाचलं. एक नाव छापल्याने काय होतं? त्या नावामागे जाऊन ऐकणारी पोरं तयार होतात. आज गाण्याच्या अ‍ॅपवर गायक, संगीतकार, गीतकार असतात, आणि वादक बहुतेकदा पुन्हा गायब.

नव्वदच्या दशकात मुंबईचे वाद्यवृंद मोडले आणि बेस संगणकावर गेला. यावर उसासे टाकणं सोपं आहे, पण सिंथेसायझरवरचा बेस वाईटच असतो असं नाही. स्टीव्ही वंडरने १९७४च्या ‘बूगी ऑन रेगे वुमन’मध्ये मूग सिंथवर स्वतः वाजवलेला बेस कुठल्याही तारेइतका लवचिक आहे. कारण तो हाताने वाजवलेला आहे. गोची प्रोग्रॅमिंगच्या आळसात आहे: एका मात्रेचा सूर कापायचा, पुढे चिकटवत जायचा. सगळे सूर सारख्या लांबीचे, सारख्या जोराचे. मराठी सिनेमातल्या बऱ्याच नाचगाण्यांत खाली जे धडधडतं ते हे. ढोलकी खरी, हलगी खरी, आणि त्यांच्या पोटाखाली ही शिवलेली पट्टी. ढोलकीवाला लय किंचित पुढे खेचतो तेव्हा त्याच्याबरोबर जायला खाली कुणी नसतं.

आणि तरीही महाराष्ट्रात बेस हा शब्द घरोघरी पोहोचलाय, तो डीजेमुळे. विसर्जनाच्या मिरवणुकीत सबवूफरच्या भिंतीपुढे उभं राहिलं की छातीचा पिंजरा हलतो, खिडक्यांच्या काचा वाजतात. तिथे बेस आहे, बेसवाला नाही. गंमत म्हणजे इतक्या आवाजात सूर कोणता ते कळतच नाही. नुसता दाब कळतो.

दुसऱ्या टोकाला मोबाइल. चार तारांच्या बेसच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्‌झचा. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला एवढी हवा हलवता येत नाही. मूळ स्वर जवळजवळ नाहीसाच होतो आणि वरच्या उपस्वरांवरून कान त्याची कल्पना करतो. म्हणजे आज बरेच लोक ज्या यंत्रावर संगीत ऐकतात, त्याच्यावर बेस हे वाद्यच जेमतेम उरतं. वादक हुशार, त्यांनी यावर तोड काढली. छोट्या चित्रफितींत जे ऐकू येतं ते वाजवायला लागले: अंगठ्याचा स्लॅप, दोन्ही हातांचं टॅपिंग, बाराव्या फ्रेटच्या वरची धावपळ. नवख्यांच्या प्रश्नांतही हा बदल दिसतो. ड्रमरबरोबर कसं जुळवायचं हे विचारणारे कमी झालेत, स्लॅपचा वेग कसा वाढवायचा हे विचारणारे वाढलेत. घरात एकट्याने वाजवणाऱ्याला ड्रमर असतोच कुठे?

स्लॅपचं मूळ पाहिलं तर हसू येतं. बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचा. जोडीला ड्रमर राहिला नाही, म्हणून तो अंगठ्याने तार ठोकून किकची आणि बोटाने तार खेचून स्नेअरची जागा भरू लागला. ती साथीची युक्ती होती. आज तिची कसरत झाली.

एकल बेसवादनाला माझा विरोध नाही. जाको पास्टोरियसने १९७६च्या पहिल्याच अल्बमची सुरुवात नुसत्या फ्रेटलेस बेस आणि काँगावर केली, ‘डोना ली’ ही जॅझची अवघड धून वाजवून, आणि या वाद्याची हद्दच सरकवली. पण त्याच वर्षी जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’मध्ये त्याने केलेली साथ ऐकली की त्याची खरी उंची कळते, तिथे बेस गाणारीशी बोलतोय. जाकोच्या मागे लागलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिला अल्बम उचलला, ‘हेजिरा’ ऐकलाच नाही. अलीकडच्यांत थंडरकॅट मला म्हणूनच आवडतो: सहा तारा, बोटांत भरमसाट वेग, पण रॅपर केंड्रिक लमारच्या २०१५च्या ‘टू पिम्प अ बटरफ्लाय’वर तो शब्दांना जागा करून देतो.

मुंबईच्या मोहिनी डे हिच्याकडे आज सगळ्या तरुण बेसवाल्यांचे डोळे लागले आहेत, आणि ते योग्यच आहे. वडील बेसवादक, घरातूनच तालीम, रणजित बारोट यांच्यासारख्या तालाच्या जाणकाराचा आधार, कोवळ्या वयात रहमानच्या वाद्यवृंदात जागा. तिच्या बोटांना ताल बोलता येतो. तोंडाने म्हटलेले बोल ती जसेच्या तसे तारेवर उतरवते, आणि हे अमेरिकन बेसवाल्यांकडे नव्हतं. २०२३ मध्ये तिने स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. त्यात तयारी जबर आहे, पण मला तो दाटीवाटीचा वाटला. सगळे मिळून एकच अवघड तुकडा वाजवताहेत, असं वारंवार होतं, आणि चाल लक्षात राहत नाही. रहमानच्या संथ गाण्यांना ती साथ करते तेव्हा तिच्यातली वेगळीच वादक दिसते. अंतऱ्यात शिरताना एक सूर ती जरा उशिराने, जवळजवळ अनिच्छेने सोडते, आणि गायकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. तिच्या चाहत्यांनी कापून फिरवलेल्या चित्रफितींत हा सूर सापडणार नाही, कारण त्या वेळी कॅमेरा गायकावर असतो. त्यासाठी अख्खं गाणं, बऱ्या हेडफोनवर, खालून ऐकायला हवं.