‘स्मृतिचित्रे’ आणि घरातील सेवाधर्म

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मकथेचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तिची घरगुती भाषा, विनोद व प्रांजळपणा यांविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक मात्र हा ग्रंथ बहुधा एकाच कामासाठी हाती घेतो: सोशिक ख्रिस्ती गृहिणीचा आदर्श दाखविण्यासाठी. हे वाचन ग्रंथाशी प्रामाणिक आहे काय, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

हा प्रश्न मला सुचला तो निपाणीच्या बाजूच्या एका घरात. काही वर्षांपूर्वी तेथे सायंप्रार्थनेस गेलो असता घरची बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होती. स्वयंपाकपाणी, मुले, सासूचे औषध हे सारे उरकून ती त्या कामास बसली होती. प्रार्थनेनंतर मी मार्था व मरिया यांच्या प्रसंगावर चार शब्द बोललो आणि मरियेचा कित्ता गिरविण्यास सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “फादर, मरियेगत बसायला मला बी आवडंल. पण सकाळी ठेकेदाराला विड्या मोजून द्यायच्या हायत, त्या कोण वळणार?” मजजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचले. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात त्यांच्या मनात जे परिवर्तन घडले त्याचे केंद्र स्वयंपाकघराशी निगडित आहे. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यात वाढलेल्या ह्या स्त्रीपुढे कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा प्रश्न होता. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही हे पटताच, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. ज्या घागरीभोवती भेद उभा होता, तेथेच तो मोडला. पुढे अनाथ मुलांना त्यांच्या घरी आसरा मिळाला. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी अहमदनगरला त्यांच्याच घरी राहिला. टिळकांच्या सेवाकार्याची पार्श्वभूमी म्हणून आपण ज्या घराकडे पाहतो, ते घर स्वतःच एक सेवाकार्य होते.

परंतु ही सेवा मुकी नाही, आणि येथेच आपले वाचन चुकते. टिळकांचा सढळ हात, तापट स्वभाव, न सांगता घराबाहेर पडणे यांचा भार कोणावर पडला हे लक्ष्मीबाई स्पष्ट सांगतात. त्या रागावतात, भांडतात, हसतात आणि पुन्हा कामाला लागतात. स्तोत्रकर्त्याचे गाऱ्हाणे आपण प्रार्थना म्हणून स्वीकारतो. मग गृहिणीचे गाऱ्हाणे श्रद्धेतील उणीव का मानावे?

ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद इतका तत्पर आहे की दुखावलेपण पुरते उमटण्याआधीच वाचक हसून मोकळा होतो. पतीचे वागणे कविमनाची लहर ठरते आणि घरात पीठ आणण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न मागे पडतो. आपली प्रवचने नेमका ह्याच गोष्टीचा लाभ घेतात.

लूकच्या शुभवर्तमानाचा आधारही आपणांस वाटतो तितका सोपा नाही. मार्थेच्या कामासाठी लूक ‘दियाकोनिया’ हा ग्रीक शब्द योजतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपासाठी आणि वचनाच्या सेवेसाठीही तोच शब्द येतो. प्रभू मार्थेच्या चिंतेला नाव ठेवतो, तिच्या सेवेला नव्हे. आणि तिची तक्रार तो ऐकून घेतो. १९६४ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात प्रापंचिकांचे कौटुंबिक जीवन व दैनंदिन श्रम यांची गणना आध्यात्मिक यज्ञांत केली. महाराष्ट्राच्या कानाला हे परके नाही. जनाबाईच्या कथेतला विठ्ठल तिला दळण सोडावयास सांगत नाही. तो स्वतः जात्याशी बसतो.

प्रपंचातील सेवेचा गौरव करण्याचा अधिकार अशा जात्याशी बसणाऱ्यालाच आहे. निपाणीच्या परिसरात घर हेच पुष्कळ बायकांचे कामाचे ठिकाण आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. कायद्याला दिसलेले हे श्रम आपल्या प्रवचनाला दिसू नयेत, ही शोचनीय गोष्ट आहे. स्थिर सेवा हा सद्गुण खराच. पण तो घरातील एकाच व्यक्तीवर लादला की त्याचे दास्य होते. म्हणून विवाहपूर्व शिकवणीत भावी पतीलाही घरकामाचा धर्म सांगावा, प्रार्थनेची वेळ बाईच्या कामाचा अंदाज घेऊन ठरवावी, आणि तिचे गाऱ्हाणे ऐकल्यावाचून तिला उपदेश करू नये.

त्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा प्रवचन केले नाही. बाईचे हात चालूच होते. तिच्या नवऱ्याला व थोरल्या मुलाला मी तिच्याजवळ बसून पाने कातरावयास सांगितले, आणि प्रार्थना तशीच, काम न थांबविता, म्हटली. मुलाने कातरलेली पाने बरीचशी वाया गेली. बाईने ती निवडून बाजूला ठेवली आणि त्याला पुन्हा दाखविले.