शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा मोजा



पेटच्या मुलाखती जवळ आल्या की 'सर, जरा सिनॉप्सिस बघता का' असे मेसेज सुरू होतात. मी बघतो. बऱ्याच सिनॉप्सिसची घडण एकसारखी असते. सुरुवातीला मोठी समस्या, शेवटी तयार उपाय आणि मधलं संशोधन गायब. 'यंत्रमाग कामगारांच्या आरोग्याच्या समस्या व उपाययोजना' हा आपल्या मालेगावचा ठरलेला विषय. उपाययोजना आधीच ठरलेल्या असतील तर अभ्यास कशासाठी करायचा? मुलाखतीत समोरच्यांनी 'हे तुम्हाला कळणार कसं?' एवढंच विचारलं की माणूस गप्प होतो.

ही सवय एम.एस्सी.ला लागत नाही. ती सातवी-आठवीत लागते, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात. म्हणून आज शाळेतल्या मुलांच्या विज्ञान स्पर्धांबद्दल लिहितोय. तुम्ही त्या वयातून पुढे आलात हे खरं, पण तिथे शिकलेलं अजून तुमच्या सिनॉप्सिसमध्ये बसलेलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या स्पर्धा मुलाला 'काय बनवलंस?' असं विचारतात. 'कशाशी ताडून पाहिलंस?' हे फार क्वचित विचारतात. आणि संशोधन सुरू होतं ते या दुसऱ्या प्रश्नापासून.

गुण कशाला मिळतात?

कुठल्याही तालुका प्रदर्शनात एक चक्कर मारा. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, झाकण आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा, अंध व्यक्तीसाठी आवाज करणारी काठी, थर्माकोलचं आदर्श गाव. मुलं उत्साहाने सांगतात, पाठही चांगलं असतं. मुलांचा यात काही दोष नाही. जे विचारलं जातं त्याचीच तयारी मुलं करतात, आणि विचारतो आपण.

आता 'इन्स्पायर-मानक' घ्या. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन मिळून ही योजना चालवतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला मॉडेलसाठी १०,००० रुपये मिळतात. जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय पातळी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीच्या खात्यात विज्ञानाच्या नावाने पैसे जमा होतात, ही साधी गोष्ट नाही. पण तिचे निकष वाचा: कल्पनेचं नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरणाला अनुकूल असणं, वापरायला सोपं असणं, आणि सध्याच्या तंत्रज्ञानापेक्षा सरस असणं. पाचही निकष वस्तूबद्दल आहेत. 'सरस आहे हे कसं तपासलं?' हा प्रश्न त्यातून निघू शकतो, पण तो स्वतंत्र निकष नाही.

इथे योजनेला झोडपणं अन्यायाचं होईल, कारण ती नवकल्पनांची स्पर्धा आहे आणि तसं स्पष्ट सांगते. गडबड आपण करतो. नवकल्पनेलाच संशोधन म्हणतो आणि पुढे पीएच.डी.लाही त्याच तयारीने जातो.

तुलनेसाठी अमेरिकेतली आयसेफ ही स्पर्धा बघा. १९५० पासून चालू आहे. विज्ञान प्रकल्पाला तिथे १०० पैकी गुण असे वाटले आहेत: संशोधन प्रश्नाला १०, आराखडा आणि पद्धतीला १५, माहिती गोळा करणं आणि तिचं विश्लेषण याला २०, सर्जनशीलतेला २०, मांडणीला ३५. मांडणीच्या ३५ मधले २५ मुलाखतीचे. म्हणजे प्रश्न, पद्धत आणि विश्लेषण यांना मिळून ४५. पण तिथेही सगळं आलबेल नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम केलेली मुलं आणि घरच्या टेबलावर काम केलेली मुलं एकाच रांगेत उभी राहतात. ज्याच्या ओळखीत प्राध्यापक आहे त्याचं फावतं. गुणांचा तक्ता चांगला असला म्हणून दार सगळ्यांना सारखं उघडं असतं असं नाही.

नाशिकची चटई

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या तयारीत एमआयटी मीडिया लॅबचे, मूळ नाशिकचे रमेश रासकर यांनी 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात शाळकरी वयाचा नीलय कुलकर्णी आणि त्याच्या गटाने एक चटई बनवली: 'अशिओतो'. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. रस्त्यावर अंथरलेल्या चटईवर पाय पडला की दाबामुळे नोंद होते, आकडा संगणकाकडे जातो आणि कुठे गर्दी वाढतेय ते कळतं. पुढे नीलयने टेडच्या व्यासपीठावर याबद्दल व्याख्यान दिलं. त्याचं शीर्षकच सांगतं की हा शोध जीव वाचवतो, चेंगराचेंगरी रोखतो.

वाचक म्हणून इथे थांबा. शीर्षकात दावा आहे की चटईमुळे चेंगराचेंगरी टळते. हे सिद्ध करायला काय लागेल? चटई असलेला कुंभ आणि चटई नसलेला कुंभ, बाकी सगळं सारखं. तसा दुसरा कुंभ आपल्याकडे नाही. २००३ आणि २०१५ मध्ये बारा वर्षांचं अंतर. या काळात रस्ते, घाट, पोलिसांचं नियोजन, मोबाइल, सगळंच बदललं. त्यामुळे 'चटई आली आणि दुर्घटना टळली' असं म्हणता येत नाही. 'चटईने गर्दी मोजायला मदत केली' एवढं म्हणता येतं. हेही काही कमी नाही.

पण त्याच व्याख्यानात एक बारीक तपशील आहे. बातम्यांमध्ये तो हरवतो आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. चटईची रुंदी १८ इंच. का? चटई पाय मोजते, आपल्याला मोजायची असतात माणसं. चटई रुंद झाली तर एकाच माणसाचे दोन पाय पडतात आणि आकडा फुगतो. अरुंद झाली तर माणूस ओलांडून जातो आणि आकडा घटतो. म्हणून त्या गटाने वेगवेगळ्या आकारांच्या चटया करून पाहिल्या, माणसाचं पाऊल साधारण किती लांब पडतं ते पाहिलं आणि मग रुंदी ठरवली.

संशोधन आहे ते या १८ इंचांत. आपलं साधन चुकू शकतं, कुठल्या दिशेने चुकतं, आणि चूक कमी कशी करायची, हे पोरांनी विचारलं. माझ्या हातात गुण असते तर चटईपेक्षा या रुंदीला मी जास्त दिले असते. आणि मुलाखतीत पुढचा प्रश्न विचारला असता: दहा मिनिटांचं चित्रीकरण करून माणसं हाताने मोजली आणि चटईचा आकडा शेजारी ठेवला, तर फरक किती येतो? गर्दी दाट झाल्यावर तो फरक वाढतो का? कारण चटईची खरी गरज असते ती दाट गर्दीतच. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

मालेगावात हे कसं करायचं?

'आमच्याकडे लॅब नाही' असं आपण लगेच म्हणतो. पण आपल्याकडे एक अशी गोष्ट आहे जी मोठ्या लॅबला विकत घेता येत नाही. दर शुक्रवारी गावातले लूम बंद असतात.

समजा नववीच्या दोन मुली विषय घेतात: यंत्रमागाचा आवाज. नेहमीच्या पद्धतीने त्या 'आवाज कमी करणारी भिंत' बनवतील, पुठ्ठा आणि अंड्यांचे ट्रे चिकटवून. त्याऐवजी प्रश्न असा घेऊ: कारखान्याशेजारच्या घरात लूम चालू असताना आणि बंद असताना आवाजात किती फरक पडतो?

साधन म्हणजे मोबाइलमधलं डेसिबल मोजणारं ॲप. इथे पहिली अडचण. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनलेला असतो, तो दाखवतो तो आकडा खराच असेल याची खात्री नाही. निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण ॲपवर ७८ दिसले म्हणून 'कायदा मोडला' असा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र तोच मोबाइल, त्याच खोलीत, त्याच जागी ठेवून गुरुवारी आणि शुक्रवारी मोजलं, तर त्या दोन आकड्यांमधल्या फरकावर जास्त भरवसा ठेवता येतो. माइक कायम तेवढंच जास्त दाखवत असेल, तर वजाबाकीत ती चूक निघून जाते. फार मोठ्या आवाजाला माइक दबतो, म्हणून एखाद्या कॉलेजकडून खरा ध्वनिमापक तासभर मागून आणायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

दुसरी अडचण सरासरीची. एकदा ६० आणि एकदा ८० डेसिबल आले तर सरासरी ७० नाही. डेसिबलचं मोजमाप घातांकाचं आहे, १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. तीव्रतेच्या हिशोबाने इथली सरासरी साधारण ७७ येते. नववीच्या मुलींना हे समजणार नाही असं वाटतं का? पट मांडून दाखवा, नक्की समजतं.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची. शुक्रवार म्हणजे 'गुरुवार वजा लूम' असं आहे का? नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, बाजारात वर्दळ असते, मुलं गल्लीत खेळतात. लूमचा आवाज गेला तरी दुसरे आवाज आले. मग काय करायचं? रात्रपाळीच्या वेळी मोजायचं, जेव्हा गल्ली दोन्ही दिवशी शांत असते. शिवाय चालू दिवशी वीज गेली की लगेच मोजायचं. पण वीज गेली की घरातला पंखाही बंद होतो, शेजारी जनरेटर सुरू होतो. म्हणजे तीही तुलना निर्दोष नाही. दोन वेगवेगळ्या, वेगवेगळ्या कारणांनी अपुऱ्या तुलना एकच उत्तर देत असतील, तर मात्र त्या उत्तरावर विश्वास वाढतो. ही एक गोष्ट नववीत कळली तर पीएच.डी.च्या कोर्सवर्कमधला अर्धा पेपर सोपा जातो.

आणि खर्च? जवळजवळ शून्य. मॉडेलच्या स्पर्धेत ज्याच्या घरी पैसे आहेत त्याचं मॉडेल चकचकीत होतं. मोजमापाच्या स्पर्धेत लूम कामगाराची मुलगी पुढे असते, कारण रात्रपाळी केव्हा सुरू होते, कुठली भिंत सामाईक आहे, हे तिला ठाऊक असतं.

एक जबाबदारीही येते. तो आवाज कुणाच्या तरी पोटापाण्याचा आहे, कदाचित तिच्याच वडिलांच्या. तक्त्यावर कारखान्याचं नाव लिहायचं का? कामगारांना 'ऐकू कमी येतं का?' विचारायचं असेल तर आधी परवानगी घेतली का? आयसेफमध्ये माणसांवरच्या अभ्यासाला आधी मंजुरी लागते, काम झाल्यावर घेऊन चालत नाही. तुमच्या पीएच.डी.तही नैतिकता समिती हेच विचारेल.

मग स्पर्धाच नकोत का?

तसं अजिबात नाही. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद या बाबतीत खूप जवळ येते. १० ते १७ वयाच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, पाहणी करायची, नोंदवही ठेवायची, निष्कर्ष मांडायचे. चौकट उत्तम आहे. ती ढिली पडते आपल्या हातात, कारण नोंदवही शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत लिहून होते आणि प्रश्नावलीत 'तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न असतो. तारखेतारखेची, खाडाखोड असलेली वही परीक्षकांनी उघडून वाचली आणि तिला गुण दिले, तर पुढच्या वर्षी मुलं वही खरी लिहितील.

तुमच्यातले काही जण उद्या शिक्षक होतील, काहींना प्रदर्शनात परीक्षक म्हणून बोलावतील. तेव्हा मॉडेलसमोर उभं राहून तीनच प्रश्न विचारा. कशाशी ताडून पाहिलंस? आकडा चुकला असेल तर कुठल्या बाजूला? आणि कोणती गोष्ट दिसली असती तर तू म्हणाली असतीस की माझं म्हणणं चूक आहे?

तोवर हेच तीन प्रश्न स्वतःच्या सिनॉप्सिसला विचारा. 'उपाययोजना' हा शब्द शीर्षकातून काढा आणि त्या जागी काय उरतं ते बघा. प्रश्न उरला तर मुलाखतीला जा. काहीच उरलं नाही तर अजून वेळ आहे, येत्या शुक्रवारी वही घेऊन गल्लीत बसा.