यादीत नसलेलं चॅलेंज

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. ती दौंडला असते, मी पुण्यात. भाचा सातवीत आहे. त्याच्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, 'मुलांच्या जिवावर बेतणारी दहा चॅलेंज'. खाली नावांची यादी आणि शेवटी 'प्रत्येक आईबापापर्यंत पोचवा'. ताईने सरळ विचारलं, "तू रिसर्च करतेस ना? मग सांग, यातलं खरं किती? आणि याला कोणते व्हिडिओ बघू द्यायचे, कोणते नाही?"

यादी वाचली. ब्लू व्हेल, मोमो, किकी अशी सगळी ओळखीची नावं. मग भाच्यालाच फोनवर घेतलं आणि विचारलं, तुम्ही मित्रमित्र सध्या काय करता रे? तो म्हणाला, "मावशी, आम्ही फक्त बॉटल फ्लिप करतो." म्हणजे अर्धी भरलेली पाण्याची बाटली हवेत गिरकी देऊन फेकायची आणि ती तळावर उभी राहिली पाहिजे. यात वावगं काहीच नाही, आणि यादीतही हे नाव नव्हतं. व्हिडिओ पाठव म्हटलं तर लगेच पाठवला. बाटली उभी राहते, पोरं ओरडतात, आणि त्यांच्या पाठीमागून, जेमतेम दोन हातांवरून, मालगाडी धडधडत जाते. पोरं फलाटावरच्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडे उभी होती. मागे गाडी असली की व्हिडिओ भारी दिसतो म्हणे.

दहाच्या दहा नावं पाठ करूनही ताईला हा धोका दिसला नसता. म्हणून आज त्या मेसेजकडे आणि त्यामागच्या पुराव्याकडे संशोधनाच्या नजरेने बघू या. पीएचडीची तयारी करताना 'एकक नीट ठरवा', 'व्याख्या आधी, मोजणी नंतर' असं आपण ऐकतो आणि वहीत लिहून विसरून जातो. इथे ती चूक किती महागात पडू शकते ते दिसतं.

नाव हे एकक कसं फसतं

यादीतलं 'किकी' घ्या. जून २०१८च्या अखेरीस शिगी नावाच्या अमेरिकन विनोदवीराने ड्रेक या गायकाच्या गाण्यावर रस्त्यात नाचतानाचा व्हिडिओ टाकला. त्यात चालत्या गाडीतून उतरणं नव्हतं. ते पुढे इतरांनी जोडलं. मग आपल्याकडे दोन गोष्टी घडल्या. तेलंगणात दोन शेतकऱ्यांनी भाताच्या चिखलात, संथ चालणाऱ्या बैलांच्या बाजूने तोच नाच केला आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. इकडे तीन तरुणांनी धावत्या लोकलमधून उतरून तो केला. त्यांना ऑगस्ट २०१८मध्ये वसईच्या रेल्वे न्यायालयाने तीन दिवस स्थानक झाडायला आणि प्रवाशांना या प्रकाराचा धोका समजावून सांगायला लावलं.

रस्त्यावर, चिखलात आणि लोकलच्या दारात असा हा एकच 'किकी'. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर गटांमधल्या फरकापेक्षा गटाच्या आतलाच फरक मोठा आहे. असं असेल तर ते वर्गीकरण निरुपयोगी. भाच्याच्या बाटलीचंही तेच. घराच्या ओट्यावर ती खेळ आहे, फलाटाच्या कडेला जिवाशी खेळ आहे.

'सिद्ध झालं नाही' म्हणजे नेमकं काय

आता ब्लू व्हेल. ऑगस्ट २०१७ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. जुलैच्या अखेरीस मुंबईत अंधेरीतल्या चौदा वर्षांच्या मुलाने जीव दिला आणि बातम्यांनी त्याचा संबंध या 'गेम'शी जोडला. थोड्याच दिवसांत सोलापूरहून घर सोडून निघालेला एक शाळकरी मुलगा पुण्याकडे येणाऱ्या बसमध्ये भिगवणला पोलिसांना सापडला. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलं की वाटेत लागतं तेच हे भिगवण. त्यामुळे आपल्या भागात ही गोष्ट दूरची राहिली नाही. त्याही बातमीत ब्लू व्हेल होताच. केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरे कंपन्यांना असल्या लिंक काढून टाकायला सांगितलं.

मग जानेवारी २०१८मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत उत्तर दिलं. सर्ट-इनच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा घटनांमधला इंटरनेटचा वापर, फोनच्या नोंदी, समाजमाध्यमांवरच्या हालचाली आणि न्यायवैद्यक पुरावे तपासले. वाचलेल्या मुलांशीही बोलणं केलं. एकाही घटनेत ब्लू व्हेलचा सहभाग सिद्ध करता आला नाही.

इथे दोन चुका होतात. पहिली, 'सिद्ध झालं नाही' म्हणजे 'सगळी अफवा होती' असं म्हणणं. पुरावा न मिळणं आणि नसल्याचा पुरावा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नेट-सेटच्या पेपर एकमध्येही विचारतात. दुसरी चूक जास्त वाईट. खेळ खरा नव्हता, म्हणजे मुलांना त्रासही नव्हता, असं मानणं. मुलगा घर सोडून निघाला होता, ते तर खरं होतं. बातमीने एक कारण हातात दिलं आणि बाकीचे प्रश्न, घरात काय चाललंय, शाळेत काय झालं, झोप लागते का, मागे पडले. गोंधळात टाकणारं चल म्हणतात ते हेच.

'मोमो'ची गोष्ट आणखी पोकळ. त्या भीतीदायक चेहऱ्याचं शिल्प जपानी कलाकार केइसुके आइसो यांचं, २०१६मधलं. फेब्रुवारी २०१९मध्ये ब्रिटनमध्ये मोठी घबराट उडाली, तेव्हा असं चॅलेंज चालवणारे व्हिडिओ आपल्याला आढळलेले नाहीत, असं यूट्यूबने सांगितलं.

आकडे कोणी, कोणाला विचारून काढले

बरं, मग चांगला डेटा आहे का? आहे, पण जपून वाचायचा. टिकटॉकने २०२१मध्ये प्रेसिडिओ सेफगार्डिंग या संस्थेकडून दहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक किशोरवयीन मुलं, पालक आणि शिक्षकांचं सर्वेक्षण करून घेतलं. मुलांनी अलीकडे पाहिलेल्या चॅलेंजपैकी ४८ टक्के सुरक्षित, ३२ टक्के थोडी जोखमीची पण तरी सुरक्षित, १४ टक्के धोकादायक आणि ३ टक्के अतिधोकादायक असल्याचं सांगितलं. जे स्वतःलाच खरोखर धोकादायक वाटतं, असं चॅलेंज केल्याचं ०.३ टक्के मुलांनी कबूल केलं.

हा अहवाल मला उपयोगी वाटतो, कारण 'सगळीच चॅलेंज घातक' या समजाला तो उत्तर देतो. त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. खोट्या, अफवेच्या चॅलेंजबद्दल कानावर आलेल्या मुलांपैकी ३१ टक्क्यांनी त्याचा वाईट परिणाम झाल्याचं सांगितलं. म्हणजे काळजीपोटी फिरवलेला इशाराही मुलांना त्रास देऊ शकतो. ताईच्या ग्रुपवरचा मेसेज त्यातच मोडतो.

पण मर्यादा बघा. पैसे कंपनीचे. त्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटा ठरत नाही, पण कोणता प्रश्न विचारला गेला नाही हे शोधावं लागतं. दहा देशांत भारत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'धोकादायक' कोणतं ते मुलांनीच ठरवलं. माझ्या भाच्याला तो फॉर्म दिला असता तर त्याने बॉटल फ्लिपपुढे बेधडक 'सुरक्षित' अशी खूण केली असती. ज्याला धोका दिसतच नाही, तो त्या ०.३ टक्क्यात येतच नाही.

याच्या शेजारी जुना अभ्यास ठेवा. अमेरिकेच्या सीडीसीने २००८मध्ये मुलांमधल्या श्वास कोंडण्याच्या 'खेळा'वर अहवाल दिला. १९९५ ते २००७ या काळात ६ ते १९ वयोगटातले ८२ संभाव्य मृत्यू. बहुतेक मुलगे, सरासरी वय तेरा. ज्या घटनांचा पुरेसा तपशील मिळाला, त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक वेळा मूल एकटं होतं, आणि ९० टक्क्यांहून अधिक पालकांना असा काही प्रकार असतो हेच माहीत नव्हतं.

गंमत म्हणजे या अभ्यासाचा आधारही मुख्यतः बातम्याच. मग ब्लू व्हेलच्या बातम्यांवर शंका आणि यावर विश्वास का? कारण इथे कोणता मृत्यू मोजायचा आणि कोणता वगळायचा हे निकषांनी ठरवलं होतं. जिथे आत्महत्येचा संशय होता ते मृत्यू वगळले आणि उरलेल्यांनाही 'संभाव्य'च म्हटलं. ब्लू व्हेलमध्ये उलटं झालं. आधी नाव चिकटलं, मग पुरावा शोधला. साधन तेच, शिस्त वेगळी.

ताईला काय सांगितलं

नावं सोड, व्हिडिओ बघताना चार प्रश्न विचार.

एक, चुकलं तर काय होईल? बाटली पडली तर पुन्हा उचलता येते. पाय घसरला तर?

दोन, जागा कोणती? रूळ, नदी, कालवा, शेततळं, गच्चीचा कठडा, विजेचा खांब, चालती गाडी. यातलं काही चौकटीत आहे का? आणि मूल हे करणार ती जागा व्हिडिओतल्यासारखीच असेल का?

तीन, श्वास, गिळणं, शुद्ध, भाजणं यांच्याशी खेळ आहे का? असेल तर पुढची चर्चाच नको.

चार, एकट्याने किंवा लपून करायचं आहे का, आणि मध्येच 'नको' म्हणायची मुभा आहे का?

आणखी एक सांगितलं. व्हिडिओत दिसतो तो जमलेला प्रयत्न. आधीचे फसलेले वीस कापलेले असतात. ज्याला लागलं, त्याचा व्हिडिओ बहुधा टाकलाच जात नाही. आपण फक्त वाचलेल्यांचा नमुना बघत असतो. ही गोष्ट मुलांना पटकन कळते. भाच्याला विचारलं, "किती वेळा फेकल्यावर उभी राहिली?" तो म्हणाला, "तीस-चाळीस." म्हणजे तीस-चाळीस वेळा पिवळ्या पट्टीच्या पलीकडे. तो जरा गप्प झाला.

आणि मूल गप्प गप्प असेल, जगण्याबद्दल निराश बोलत असेल, तर मोबाईलमध्ये चॅलेंज शोधत बसू नकोस, त्याच्याशी बोल. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

आता माझीच उलटतपासणी

दुसऱ्याच्या यादीला नावं ठेवली, मग माझे चार प्रश्न तरी टिकतात का? अजून माहीत नाही, कारण ते तपासलेले नाहीत. तुमच्यासाठी हा छोटा सराव होऊ शकतो. चॅलेंजचे वीस व्हिडिओ निवडा. दोन पालकांना एकमेकांशी न बोलता प्रत्येक व्हिडिओला 'चालेल' किंवा 'नको' असं लिहायला सांगा, आधी प्रश्नांशिवाय. मग दुसऱ्या दोन पालकांना चार प्रश्न देऊन. दोन्ही जोड्यांमध्ये एकमत किती, ते कोहेनच्या कप्पाने काढा. नुसती टक्केवारी घेऊ नका, कारण डोळे मिटून लिहिलं तरी काही उत्तरं जुळतातच. जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये हे माप सुचवलं ते योगायोगाचं एकमत वजा करण्यासाठीच. एवढ्या लहान नमुन्यावर निष्कर्ष काढता येणार नाही, पण प्रश्नांची भाषा कुठे अडते ते कळेल. आणि एकमत म्हणजे अचूकता नव्हे, दोघंही मिळून चुकू शकतात. प्रत्यक्ष मुलांना विचारायचं असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी, पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी हे तिन्ही आधी. 'आपल्याच सोसायटीतली पोरं आहेत' हे कारण चालत नाही.

ताईने ग्रुपवर यादी पुढे पाठवली नाही. तिने भाच्याचा व्हिडिओ त्याच्या चार मित्रांच्या आयांना दाखवला. बॉटल फ्लिप बंद झालेलं नाही, आता ते आमच्या गच्चीत चालतं, कठड्यापासून लांब, आणि मी गेले की मलाही फेकायला लावतात. माझी अजून एकदाही उभी राहिलेली नाही.