तीन बोटांचं अंतर

अंगावर पाजणं आईला आपोआप येतं, त्यात शिकवायचं काय, असं म्हणणाऱ्याला मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’मधला एक छोटा धडा दाखवावा. त्यांच्या आरोग्य व पोषण मालिकेमागे बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचा व्यासंग आहे. या धड्याचा विषय एवढाच: क्रॉस क्रेडल पद्धतीने बाळाला छातीशी कसं धरायचं. चित्रं साधी, निवेदन संथ आणि मराठी किंचित पुस्तकी. पण नजर कशी, तर कसलेल्या कारागिराची.

आधी हात बघा. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळाचं डोकं डाव्या हातात. सवयीने आपण उलटं करतो, डोकं त्याच बाजूच्या कोपरात ठेवतो आणि तिथेच ताबा सुटतो. इथे अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे, मनगट दोन्ही खांद्यांच्या मध्ये. पोटाला पोट लागलेलं, मान आणि पाठ एका रेषेत. डोक्याच्या मागच्या भागावर दाब मुळीच नाही. तो पडला की हनुवटी छातीला टेकते आणि तोंड उघडायला जागाच उरत नाही. ‘डोकं दाबू नका’ एवढं सांगून भागलं असतं. धडा मात्र बोट न् बोट कुठे ठेवायचं ते दाखवतो.

स्तन धरण्याचा भाग तर मी पुन्हा पुन्हा बघतो. स्तनाग्राभोवती घड्याळाची तबकडी कल्पायची. बाळ कुशीवर असल्याने त्याचे ओठ उभे. म्हणून मोकळ्या हाताने स्तन खालून इंग्रजी ‘यू’सारखा धरायचा, अंगठा आणि बोटं तीन आणि नऊच्या आकड्यांवर. हे असंच का, हे पटवायला धडा वडापाव पुढे करतो. वडापाव खाताना आपली बोटं ओठांना समांतर असतात, म्हणूनच मोठा घास घेता येतो. इतक्या नाजूक विषयात वडापाव आणायला धाडस लागतं, आणि तो नेमका बसतो.

त्यानंतर माप: बोटं स्तनाग्रापासून तीन बोटं लांब. जवळ आली तर बाळाच्या तोंडात नुसतं टोक जातं. फार लांब गेली तर घासाला आकारच येत नाही. यासाठी फूटपट्टी लागत नाही, आईचीच बोटं पुरतात.

आणि मग थांबणं. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत घाई नाही. उघडलं की आधी हनुवटी स्तनाला टेकते, आणि भोवतीच्या काळसर भागाचा खालचा हिस्सा वरच्यापेक्षा जास्त तोंडात जातो. दूधवाहिन्या त्या काळसर भागाखाली असतात. नुसतं टोक चोखलं तर चिरा पडतात, स्तन रिकामा होत नाही, आणि रिकामा न झालेला स्तन हळूहळू दूध कमी करतो. आई म्हणते, ‘दूध पुरत नाही.’ घरचे पावडरच्या दुधाचा डबा आणतात. डब्याच्या जाहिरातींना 1992 च्या कायद्याने बंदी घातली, पण या चुकीच्या पकडीला कायदा काय करणार? दुखलं तर ओढून काढायचं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी सरकवायची, पकड सोडवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आईला बोल लावणारा एक शब्दही कुठे नाही.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठाने, हे बोटांनी दाखवणं फार उपयोगी पडेल. बेल्याकडची ओली बाळंतीण मराठी बोलते, उटनूरकडची गोंडी, आणि वॉर्डातली सिस्टर बहुधा तेलुगू. तबकडी कधी कधी समजावावी लागेल. पण तीन बोटं सिस्टरने नुसती उचलून दाखवली तरी पुरे, आणि कानामागचा अंगठा तर आईचाच हात धरून जागेवर ठेवता येतो.