मंडईची रात्र कोणाची?

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी नवेगावबांधचे जंगल मागे टाकून अर्जुनीला येते आणि थोड्याच वेळात वडशाला थांबते. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीच्या सुमारास इथे नाट्यमंडळांच्या कार्यालयांवर पोस्टर झळकू लागतात आणि अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरीकडची माणसे नाटक ठरवायला येतात. धान कापणीला आलेला असतो. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक हवेच.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतली ही रंगभूमी नाट्यगृहाची वाट पाहत बसली नाही. मोकळ्या जागेत मंडप पडतो, लाकडी मंच उभा राहतो, समोर वादक बसतात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि हजारो माणसे तिकीट काढून थंडीत चादरी पांघरून ते पाहतात. मुंबई-पुण्याच्या समीक्षेने फारशी दखल घेतली नसतानाही ती जगली, कारण तिचा सगळा जुगाड तिच्याच हातात होता.

असा जुगाड दूरच्या समुद्रावरही झालेला आहे. कॅलिफोर्नियात लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या सर्फर मंडळींनी आपली कला अशीच घरच्या घरी घडवली. टॉम ब्लेकने पोकळ फळी तयार केली आणि ती घरी कशी बनवायची याचे आराखडे १९३०च्या दशकात मासिकांत छापून आले. बड ब्राउनने १९५३ मध्ये स्वतः चित्रित केलेला सर्फिंगचा चित्रपट सांता मोनिकातल्या एका शाळेच्या सभागृहात दाखवला. निवेदनही त्याचेच. १९६० मध्ये जॉन सेव्हरसनने आपल्या चित्रपटासोबत विकायला काढलेल्या पुस्तिकेतून ‘सर्फर’ हे मासिक उभे राहिले. पुढे कपड्यांच्या मोठमोठ्या कंपन्या आल्या आणि सर्फर बराचसा ग्राहक झाला. त्यांतल्या ‘क्विकसिल्व्हर’ने २०१५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या हाताने फळी तासणारे मात्र आजही तासतात.

करणाऱ्याचा ग्राहक होण्याच्या नेमक्या याच वळणावर आज झाडीपट्टी आहे.

तिचे मूळ दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत. दंडार करणारे गावचेच, स्त्रीपार्टही पुरुषच करत. त्यातूनच गावकऱ्यांचे हौशी नाटक वाढले. शेतकरी, शिक्षक, सुतार दिवसा आपापले काम करून रात्री तालमीला बसत. व्यावसायिक मंडळे आली तशी सफाई आली, स्त्रिया रंगमंचावर आल्या, कलावंताला हंगामाची मिळकत मिळू लागली. ही कमाई मोठी आहे आणि तिला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. परशुराम खुणे यांच्यासारखा नट याच मातीत घडला. पाच हजारांवर प्रयोग केलेल्या या विनोदी कलावंताला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे ‘झाडीपट्टी’ हा शब्द उर्वरित महाराष्ट्राच्या कानावर नीट पडला.

पण गावाचा हात सुटत चालला आहे. पूर्वी गाव नाटक करत असे, आता गाव नाटक विकत घेते. मंडळाला ठरलेली रक्कम द्यायची, तिकिटे खपवायची, उरले तर देवळाला किंवा शाळेला. स्पर्धा वाढली तशी कथानकाला ठिगळे लागली: मध्येच लावणी, मध्येच रेकॉर्ड डान्स. विनोदाच्या नावाखाली द्व्यर्थी संवाद. बायाबापड्या अजूनही लेकरांना मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसतात. त्यांच्यासमोर काय ठेवतो, याचा विचार लेखकांनी करायलाच हवा.

सर्वात जास्त खटकते ते भाषेचे. नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात आणि झाडीबोली बहुतेकदा विनोदी पात्राच्या तोंडी येते. ज्या बोलीत प्रेक्षक रडतो, भांडतो, लेकीला सासरी धाडतो, ती बोली त्याच्याच रंगमंचावर फक्त हसण्यापुरती उरावी, हे या रंगभूमीचे सर्वात मोठे अपयश आहे. कर्ज, धानाचा भाव, जंगलावरचा हक्क हे विषय नाटकांत येतात, पण ते घरच्या बोलीत आले तर त्यांची धार वेगळीच असेल.

शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांनाही झळ बसली. करोनाने तर हंगामच हिरावला. दोन्ही वेळा ही रंगभूमी सावरली, कारण प्रेक्षक हटला नाही.

तेव्हा येत्या दिवाळीत वडशाला नाटक ठरवायला जाणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना एकच विनंती. मंडईतली एक रात्र मोकळी ठेवा. त्या रात्री गावच्याच पोरापोरींना झाडीबोलीत नाटक करू द्या आणि त्याआधी तासभर, गावात दंडार जाणणारे कुणी म्हातारे असतील तर त्यांना मंचावर बोलवा.